त्याच टोचणीत आणखी एक ट्यूब

(दृश्य: एआरटी सेंटरचा, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं देणाऱ्या केंद्राचा बाक. हात, पिशव्या, केसपेपर.)

चेहरे दाखवायचे नाहीत, या अटीवर आत सोडलंय. म्हणून हे हात. पिशवीत गोळ्यांचा डबा. सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, मुंबईचं जे. जे. पहिल्या आठांत होतं. बाकावरच्या कित्येकांचा विषाणू आज इतका दबलाय, की संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही.

गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) हे संबंधातून होणारे आजार मात्र या गोळीला जुमानत नाहीत.

(दृश्य: तपासणीची खोली.)

"काही त्रास?" "नाही." केसपेपरवर तेवढंच उतरतं. यात खोटं काही नाही. गरमीची पहिली जखम सहसा दुखत नाही, काही आठवड्यांत आपली आपण भरते. बाईच्या बाबतीत ती आत असली तर दिसतही नाही.

(दृश्य: लॅब. पांढरं कार्ड, अगदी जवळून.)

हे नीट बघा. आरपीआर, रक्तातून गरमी शोधणारी टेस्ट. कार्डावरच्या वर्तुळात सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा थेंब, ५० मायक्रोलिटर. टेक्निशियन तो काडीनं कडेपर्यंत पसरवतात. त्यावर टेस्टच्या द्रावणाचा, अँटीजेनचा थेंब. त्यात कोळशाचे बारीक कण. कार्ड रोटेटरवर चढतं. मिनिटाला १०० फेरे, मोजून ८ मिनिटं. या वर्तुळात करडा रंग एकसारखा राहिला. निगेटिव्ह. शेजारी बघा: दूध नासावं तशा काळ्या गुठळ्या. पॉझिटिव्ह. एवढ्यावर शिक्का बसत नाही. दुसरी टेस्ट खात्री करते. मग सीरम निम्म्यानिम्म्यानं पातळ करत नेतात, गुठळ्या कुठवर टिकतात ते पाहतात. उपचारानंतर हा आकडा चौपटीनं उतरला, की औषध लागू पडलं.

एआरटी सुरू करताना ही टेस्ट यादीत असतेच. आमचं म्हणणं पुढच्या वर्षांबद्दल आहे: ती तेव्हाही होत राहावी.

(दृश्य: दंडाला पट्टा, सुई, भरणारी ट्यूब.)

व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती उरलाय ते मोजायला, रक्त काढतातच. दुसरी ट्यूब भरायला किती वेळ लागला, मोजा.

परम्याला आणि क्लॅमिडियाला (हाही संबंधातून होणारा संसर्ग) लघवीचा किंवा स्वॅबचा नमुना लागतो; ते चित्रण आमच्याकडे नाही. राहून गेलेली गरमी डोळ्यांत, मेंदूत, पोटातल्या बाळापर्यंत जाते.

(दृश्य: सिस्टरचे हात.)

गरमीवरचं इंजेक्शन: बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. संसर्ग जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. सिस्टर बाटली तळव्यांत घोळवतात. औषध दाट, सुई जाड.

"जोडीदारालाही आणा," हे काउन्सेलर मॅडम दाराआड सांगतात. कॅमेरा बाहेरच थांबला.