पूररेषेबाहेरचा पूर : नेल्सन काउंटी, व्हर्जिनिया

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्व उतारावर नेल्सन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हटलं की आपल्याला जिल्हा आठवतो, पण १९६९ साली या अख्ख्या काउंटीत जेमतेम १२ हजार माणसं राहत होती. सफरचंदाच्या बागा, ओढ्याकाठची विखुरलेली घरं, दोन छोट्या नद्या : टाय आणि रॉकफिश. १९ ऑगस्टच्या रात्री ही काउंटी झोपली, आणि उजाडेपर्यंत तिथली सुमारे सव्वाशे माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. दर शंभरातलं एक माणूस. एकट्या डेव्हिस क्रीकच्या खोऱ्यात पन्नासहून अधिक.

कमील हे चक्रीवादळ १७ ऑगस्टच्या रात्री मिसिसिपीच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. तिथून जमिनीवरून उत्तरेकडे जाताना वाऱ्याचा जोर संपला, म्हणून धोकाही संपला असं धरलं गेलं. पण वारा ओसरला तरी बाष्प ओसरत नाही. वादळाचं उरलेलं केंद्र पूर्वेकडे वळलं, अटलांटिकवरची दमट हवा त्यात ओढली गेली, समोर ब्लू रिजचा चढ आला आणि ढग एकाच जागी पुन्हापुन्हा उभे राहत गेले. सुमारे आठ तासांत काही ठिकाणी २७ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईचा २६ जुलै २००५चा सांताक्रूझचा आकडा ९४४ मिलिमीटर आहे, पण तो २४ तासांचा. इतक्या पावसाचा इशारा त्या रात्री काउंटीला मिळालेला नव्हता.

हा पाऊस मोजला कसा, हेही सांगायला हवं. डोंगरात अधिकृत पर्जन्यमापक फारच थोडे होते. म्हणून नंतर शेतांतून फिरून बादल्या, डबे, पिंपं तपासली गेली. या पद्धतीला शिस्त लागते. भांड्याच्या भिंती सरळ उभ्या हव्यात. वर रुंद असलेली बादली असेल तर पाण्याचं आकारमान मोजून ते तोंडाच्या क्षेत्रफळानं भागावं लागतं. भांडं झाडाखाली किंवा पागोळीखाली नव्हतं ना, पावसाआधी ते रिकामं होतं का, हे विचारावं लागतं. आणि भांडं काठोकाठ भरलेलं सापडलं, तर तो आकडा ‘किमान इतका’ एवढंच सांगतो.

आता मुख्य मुद्दा. ६८६ मिलिमीटर म्हणजे दर चौरस किलोमीटरवर ६ लाख ८६ हजार घनमीटर पाणी. नेल्सनच्या डोंगरांवर कातळावर मातीचा थर पातळ, पुष्कळ ठिकाणी मीटरभराहूनही कमी. पाणी मातीतून खाली जातं, कातळावर अडतं, तिथे साचतं. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि झाडांसकट थर सरकतो. याची सुरुवात बहुतेक डोंगराच्या खोलगट कुशीत होते, कारण दोन्ही बाजूंचं पाणी तिथेच गोळा होतं. घळीतून उतरताना हा राडा वाटेतले दगड, ओंडके उचलत फुगत जातो. खाली घरापर्यंत पोहोचतं ते पाणी नसतं. ओल्या काँक्रीटसारखा जड लोंढा असतो. म्हणूनच नेल्सनमधले अनेक जण बुडून नव्हे, मार लागून मेले.

मग पूल. ओंडके कमानीत अडकले की पुलाचं धरण होतं. मागे पाणी तुंबतं आणि पूल गेला की ते एकदम सुटतं. रस्त्याखालच्या मोरीचा व्यास फक्त पाण्याच्या हिशेबाने ठरवला जातो तेव्हा हेच होतं. राज्यात शंभरावर पूल आणि नऊशेवर इमारती गेल्या.

अमेरिकेत संघराज्य सरकारचे पूरनकाशे आहेत. त्यांवर दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुराची हद्द आखलेली असते, साधारण आपल्या लाल पूररेषेसारखी. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग मला घातक वाटतो. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते, आणि काल पूर येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. त्याहून मोठी उणीव ही, की तो नकाशा नदीच्या पाण्याची पातळी दाखवतो, डोंगरातून उतरणारी माती दाखवत नाही. रेषेबाहेरचं घर सुरक्षित, असं त्यावरून ठरवता येत नाही. विम्यातही हीच भेग आहे : सरकारी पूरविमा पातळ चिखलाचा लोंढा धरतो, पण दरड धरत नाही, आणि नेमकं काय घडलं यावर दावा अडतो.

हे एकदाच घडून संपलेलं नाही. जून १९९५ मध्ये त्याच रांगेतल्या मॅडिसन काउंटीत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत असेच लोंढे उतरले. हेलीननंतर दोन हजारांवर दरडींची नोंद झाली. चोवीस तासांत ५ इंच पाऊस झाला की सावध व्हायचं, असा नॉर्थ कॅरोलिनातला ठोकताळा आहे.

रात्री काय करायचं? बॅटरीवर चालणारा, इशारा येताच स्वतःहून वाजणारा हवामान रेडिओ उशाशी हवा. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा भर पावसात अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी माती सरकलेली किंवा अडथळा झालेला असू शकतो. झाडं मोडल्याचा, दगड आपटल्याचा आवाज आला तर ओढ्याच्या दिशेने खाली धावू नका. आडवे, बाजूच्या उंचवट्यावर जा. गाडीचा मोह सोडा : फूटभर वाहतं पाणी बऱ्याच मोटारींना उचलतं, दोन फूट जवळपास सगळ्यांना.

घराची जागा बघताना घळीच्या तोंडाशी पसरलेली, पंख्यासारखी सौम्य उताराची जमीन ओळखा. सपाट, पाण्याजवळ, शेतीला बरी, म्हणून घरं तिथेच बांधली जातात. रस्त्यासाठी कापलेली तिची कड पाहा. गोल गुळगुळीत गोटे आकारानुसार थरांत लागलेले असतील, तर ते बहुतेक नदीने आणलेले. लहानमोठे, टोकदार धोंडे मातीत कसेही रुतलेले असतील, तर ती जमीन डोंगरानेच आणून टाकलेली आहे. असे थर एकावर एक दिसले तर मोजा. एकाच घळीत दोन थरांमध्ये हजारो वर्षं गेलेली असू शकतात, पण रांगेत अशा घळी असंख्य आहेत.