हप्ता कोणाला जड जातो?

श्रोतेहो, नमस्कार. आरोग्य विमा न घेणाऱ्याला आपण चटकन बेफिकीर ठरवतो. ‘एवढं साधं कळत नाही?’ असं म्हणून मोकळे होतो. मला हा शेरा फार अन्यायाचा वाटतो.

ठरलेला पगार असलेल्या अनेकांना विमा नोकरीबरोबरच मिळतो. हप्ता परस्पर कापला जातो, वेगळा विचार करावाच लागत नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला मात्र तो साठवून भरायचा असतो, आणि तोही येईल की नाही ठाऊक नसलेल्या आजारपणासाठी. घरभाडं मात्र नक्की येणार असतं. तिने आधी भाडं भरलं, तर तिचा हिशोब चुकला असं कसं म्हणायचं? शिवाय रुग्णालयाचं बिल विम्यातून निघालं, तरी बुडालेली मजुरी बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. तिला खरी धास्ती त्या मजुरीचीच असते.

ही गोष्ट जर्मनीत १८८३ सालीच ओळखली गेली होती. तिथल्या सक्तीच्या आजार विम्यात हप्त्याचे दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. आणि उपचारांबरोबरच मजुरीच्या साधारण निम्मी रक्कम १३ आठवड्यांपर्यंत मिळे.

पैशाइतकाच प्रश्न भरवशाचा. शेजारी कुणाचा क्लेम नाकारला गेला, की आसपासच्या दहा घरांचा विश्वास उडतो. ज्यांच्या नात्यागोत्यात डॉक्टर, वकील असतात, त्यांना दाद कुठे मागायची हे सांगणारं कुणीतरी भेटतं. बाकीच्यांना कोण सांगणार?

आणि कागदपत्रं! अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००८ मध्ये गरीब प्रौढांच्या सरकारी विम्यासाठी सोडत काढावी लागली, कारण जागा कमी आणि इच्छुक फार. नाव निघाल्यावर ४५ दिवसांत अर्ज भरून पाठवायचा होता. कितीतरी जणांचा अर्ज परत आलाच नाही. विमा हवा म्हणून आपणहून नाव नोंदवणारी माणसं होती ती! ज्यांना विमा मिळाला, त्यांची दवाखान्यापायी होणारी उसनवारी घटली, नैराश्यही कमी झालं.

तुमच्या ओळखीत कुणाचा असा अर्ज अर्धवट पडला असेल, तर एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा. प्रतीक्षा काळ किती, म्हणजे विमा घेतल्यावर किती काळाने खर्च मिळू लागतो, कोणते आजार वगळलेत, क्लेम नाकारला तर तक्रार कुठे करायची, तेवढं मोठ्यानं वाचून दाखवा.