किलपेकच्या छपराखाली

इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशर परगण्यात किलपेक नावाचं छोटं खेडं आहे. थोडी घरं, कुरणं, एका जुन्या किल्ल्याचं टेकाड आणि त्याला खेटून हे चर्च. संत मेरी आणि संत डेव्हिड यांच्या नावाचं, साधारण ११४०च्या सुमाराचं. मनोरा नाही, भव्य पायऱ्या नाहीत. लांबून पाहणाऱ्याला इथे थांबावंसं वाटणारही नाही. जवळ या आणि मान वर करा.

छप्पर भिंतीला टेकतं तिथे दगडी टेकूंची रांग आहे. त्यातले ८५ आज शिल्लक आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. मेंढा आहे, डुक्कर आहे, वाद्य वाजवणारा वादक आहे. एकमेकांना मिठी घातलेली जोडी आहे. कुणाला ती नाचताना दिसते, कुणाला कुस्ती खेळताना. आणि हे दोघे पाहा. लोंबत्या कानांचा शिकारी कुत्रा, त्याला बिलगून ससा. दोघांचेही डोळे वाटोळे, टपोरे. शिकारी आणि शिकार इथे जिवलग मित्रांसारखे बसलेत. ज्यानं हे कोरलं त्याचा जनावरांवर जीव होता, याबद्दल मला शंका नाही.

वेदीच्या बाजूला, याच टेकूंच्या रांगेत, एक बाई आहे. मोठं डोकं, गोल डोळे, आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी. अशा आकृत्यांना तिकडे शीला-ना-गिग म्हणतात. सुफलतेची खूण, वासनेविरुद्धचा इशारा, की वाईट नजर परतवणारी राखणदार? मतं अनेक आहेत. मला मोठी वाटते ती गोष्ट वेगळी: इतकी शतकं ती प्रार्थनेच्या घरावर, आपल्या जागी टिकून आहे.

आता दक्षिणेचं दार. इथे घाई करू नका. कमानीखालच्या अर्धगोलात एक वेल उभी आहे, जीवनवृक्ष म्हणून ओळखली जाणारी. तिच्याभोवती कमानीत पक्षी, मासे आणि ड्रॅगन यांची वर्तुळं एकमेकांत गुंफलेली. बाहेरच्या द्वारशाखांवरून साप सरपटतात. डाव्या खांबावर, वेलींच्या जाळ्यात, एकावर एक असे दोन योद्धे अडकलेत. त्यांच्या कपड्यांवरच्या बारीक समांतर चुण्या अजून मोजता येतील इतक्या स्वच्छ आहेत. उजव्या खांबाच्या शिरोभागी एक चेहरा, त्याच्या तोंडातून पानं बाहेर पडताहेत. मराठी माणसाला इथे मंदिराच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवल्याशिवाय राहणार नाही.

पश्चिमेकडच्या कोपऱ्यांवर ड्रॅगनची डोकी जबडे उघडून बाहेर झेपावलीत. ही धाटणी स्कँडिनेव्हियातल्या लाकडी कोरीवकामाची आठवण देते. दारावर अशी वेल, कोपऱ्यावर असे ड्रॅगन, छपराखाली ससा: हे सगळं एका खेड्यातल्या चर्चसाठी. स्थानिक सरदार ह्यू यानं पदरमोड केली असं मानतात. कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. अभ्यासक त्यांच्या कामाला ‘हेरफर्डशर शैली’ म्हणतात.

आत वेदीसमोरच्या कमानीच्या दोन्ही अंगांना संतांच्या उभ्या आकृत्या आहेत. स्वर्गाची किल्ली धरलेला येशूचा शिष्य पीटर लगेच ओळखू येतो.

हे काम इतकं शाबूत कसं? एक तर इथला लाल वालुकाश्म कसदार निघाला. दुसरं, कोरलेले दगड जिथल्या तिथे राहिले. याच परगण्यातल्या शॉबडन गावचं याच शैलीचं चर्च अठराव्या शतकात पाडलं गेलं आणि त्याच्या कोरीव कमानी शोभेसाठी टेकाडावर उघड्यावर उभ्या केल्या गेल्या. पावसानं आणि थंडीनं त्या इतक्या झिजवल्या की आज तिथे काय काय कोरलं होतं हे समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकातली रेखाचित्रं उघडून बसावं लागतं. जमीनदाराच्या हौसेपायी झालेलं हे नुकसान पाहून जीव हळहळतो.

याच परगण्यातल्या एर्डिस्ली गावच्या चर्चमधलं, याच शैलीचं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड मात्र छताखाली राहिलं. त्यावर दोन योद्धे लढताहेत, आणि त्यांच्याही अंगावर किलपेकच्या दारातल्यासारख्याच चुण्यांची वस्त्रं आहेत. इथून गाडीनं तासाभराच्या आत तिथे पोचता येतं.