बाळंतिणीचा रक्तदाब आणि हरवलेले शब्द

श्रोतेहो, नमस्कार. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. चार वर्षांपूर्वी, माझी मुलगी सहा दिवसांची असताना, माझ्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या आजाराबद्दल आणि त्यातून सावरण्याबद्दल मी आज आपल्याशी बोलणार आहे. बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी मी थांबले, तर कृपया थोडी वाट पाहावी. तो शब्द येतो, फक्त त्याला वेळ लागतो.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात माझा रक्तदाब किंचित वाढला होता. प्रसूती सुरळीत झाली, तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि बाळंतपण पार पडले म्हणजे रक्तदाबाची काळजीही संपली, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. खरे तर प्रसूतीनंतर शरीरात साठलेले पाणी पुन्हा रक्तात उतरू लागते आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तदाब सर्वांत वर जातो. ज्यांना गरोदरपणी कधीच त्रास नव्हता, अशा स्त्रियांनाही तो या दिवसांत होऊ शकतो. घरी गेल्यावर रक्तदाब पुन्हा मोजायला हवा, हे मात्र आम्हाला पाठवताना कोणी सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते एक वाक्य पुरेसे होते.

सहाव्या दिवशी घरात सटीच्या पूजेची तयारी चालली होती. सकाळपासून माझे डोके ठणकत होते. सासूबाईंनी मायेने सुंठ उगाळून कपाळाला लावली आणि म्हणाल्या, “वारे लागले असेल गो, शिवाय झोप तरी कुठे मिळते तुला?” संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. सटवाईने बाळाचे नशीब लिहावे म्हणून पाटावर ठेवायची कोरी वही आणि पेन माझ्या हाती दिले, तेव्हा पेन बोटांतून गळून पडले. मी ते उचलले, ते पुन्हा पडले. नणंदेने माझ्याकडे पाहिले, तर माझे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. तिने पूजा तशीच सोडली आणि १०८ क्रमांकाला फोन केला. रुग्णवाहिकेत रक्तदाब मोजला, तो १९० आणि १२० होता.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्तस्राव झाल्याचे समजले. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. मेंदूत गुठळी अडकली काय किंवा रक्त सांडले काय, बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात, पण उपचार अगदी उलट असतात. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव झालेल्या रोग्याला दिले, तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून स्कॅन होईपर्यंत घरच्या घरी ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नये. माझ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली नाही. रक्तदाब शिरेवाटे औषध देऊन उतरवला, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिले आणि सांडलेले रक्त पुढच्या काही आठवड्यांत शरीराने हळूहळू शोषून घेतले.

उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले होते, आणि वाचा गेली होती. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, असे भेटायला येणाऱ्या पुष्कळांना वाटे आणि ते माझ्यासमोरच माझ्याविषयी बोलत. मला सारे समजत होते. समोर पाण्याचा पेला आहे हे दिसत होते, पण ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता; त्याऐवजी ‘खिडकी’ म्हणून जाई. मायलेकी एकदमच बोलायला शिकतील, असे लोक कौतुकाने म्हणत. मला ते पटत नसे. मूल नवे शिकत असते. माझे जे होते, ते मला शोधून काढायचे होते.

एके दिवशी वाचोपचार करणाऱ्या बाईंनी मला पाढा म्हणायला सांगितला. त्यांनी “बे एके बे” म्हटले आणि माझ्या तोंडून “बे दुणे चार” निघाले, पुढे थेट वीसपर्यंत. ठेक्यात पाठ झालेले शब्द, मग ते पाढे असोत की भजने, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तरी अनेकांना आठवतात. त्याच वाटेने पुढे साधे बोलणे परत आणता येते. चतुर्थीला नणंदेने मला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली बसवले आणि एकेका वस्तूकडे बोट दाखवून नाव विचारू लागली. नारळ आला, सुपारी आली. तोरिंगापाशी, म्हणजे पपनसापाशी मी अडले. पुतण्या सांगायला पुढे सरसावला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि आम्ही सगळे थांबून राहिलो. शेवटी मीच तो शब्द उच्चारला. घरातल्या माणसांनी एवढे तरी करावे, शब्द रोग्याच्या तोंडून काढून घेऊ नये. दुसरे, लुळ्या हाताला धरून उठवू नये, त्याने खांदा निखळतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीने मेंदूचे शेजारचे भाग ते काम उचलतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे ती मंदावते, थांबत नाही. मला त्रास होऊ नये म्हणून बाळाचे सगळे इतरांनीच करायचे, असे घरात ठरले होते, आणि त्या प्रेमाने मी रात्र रात्र रडत असे. हे रडणे सांगावे लागते, कारण बाळंतपणातले नैराश्य आणि मेंदूच्या आजारानंतरचे नैराश्य, दोन्हींवर उपचार आहेत. फिजिओथेरपिस्टने मार्ग काढला. बाळाच्या पायाला तेल लावताना उजवा हात खाली, डावा त्याच्यावर, आणि शेजारी एक माणूस बसलेले. पहिल्या दिवशी माझी बोटे उघडेनात. तेल मुठीतच राहिले. लेकीने पायानेच ती मूठ ढकलली. अंगावरचे पाजणेही, औषधे तपासून घेऊन, डॉक्टरांच्या संमतीने मी कुशीवर झोपून सुरू केले.

आज मी फळ्यावर लिहिते, अक्षर थोडे तिरके येते. दुपारनंतर विलक्षण थकवा येतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मला वर्ज्य आहेत, आणि दुसऱ्या मुलाचा विचार तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

बाळंतिणीचे डोके एकाएकी किंवा सतत ठणकू लागले, दिसणे अंधूक झाले, हात गळाला, तोंड वाकडे झाले, तर सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही, हा नियम त्या क्षणी मोडावा. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवावे. वरच्याने १६० किंवा खालच्याने ११० यांपैकी एक आकडा जरी गाठला तरी रुग्णालय तत्काळ गाठावे. मनगटापेक्षा दंडावर बांधायचे यंत्र बरे. आमच्या घरचे यंत्र आता वाड्यावर फिरत असते. शेजारची मुलगी नुकतीच बाळंत झाली आहे, आज तिचा चौथा दिवस. इथून घरी परतताना मी आधी तिच्याकडे जाणार आहे.