पहिल्या दहा सेकंदांचं चित्र

आधी एक हात वर करा मंडळी. सुटे भाग आणून घरीच जोडलेला कॉम्प्युटर कुणाकुणाकडे आहे? बरेच आहेत. आता त्यातल्या किती जणांना हे दिसलंय: सकाळी बटण दाबलं की पडद्यावर हिरव्या रेघा, चौकोनी ठिपके, नाहीतर नुसता काळोख, बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं लख्ख? तेवढेच हात पुन्हा वर आले. वा! म्हणजे आज आपलं चांगलं जमणार.

मला सांगायचं ते एवढंच. अधूनमधून येणारा बिघाड लहरी वाटतो, पण त्याचा नियम असतो. आपण तो टिपलेला नसतो, एवढंच. आणि चित्र बटण दाबल्यापासून नेमकं कधी फुटलं, यावरून दोष कुठे शोधायचा हे बरंचसं कळतं. ते टप्पे मी समजावून सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या घरची गोष्ट सांगतो.

सहा महिने हा त्रास मी काढला. पहिल्यांदा मशीन दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो. मी म्हटलं, अहो, विंडोज यायच्या आधीच रेघा येतात, मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या, लोगोवरच येतात. विंडोजला अजून जाग आलेली नाही, तिथे फॉरमॅट काय करणार? तरी मारलं फॉरमॅट. दुसऱ्या खेपेला म्हणाले, कार्ड गेलं, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड. कार्ड वॉरंटीत पाठवलं, तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत शेरा: दोष आढळला नाही. तिसऱ्या खेपेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, बदला म्हणाले, तोही बदलला. रेघा तशाच.

याचा मला मनापासून राग आहे, आणि तो त्या एका दुकानापुरता नाही. पार्ट बदलून पाहणं ही तपासणी नव्हे. बदललेला पार्ट निर्दोष निघाला तरी त्याचे पैसे गिऱ्हाईकाचेच जातात. एखादा विद्यार्थी वर्षभर पैसे साठवून मशीन जोडतो आणि त्याला "कार्ड गेलं" असं एका वाक्यात सांगून टाकतात. हे बरोबर नाही.

शेवटी मी एक वही केली. शाळेची, दोनशे पानी. रोज सकाळी तीनच गोष्टी लिहायच्या: चित्र फुटलं की नाही, फुटलं तर लोगोवर की नंतर, आणि काल रात्री काय वेगळं झालं. महिनाभर लिहिलं. मग एका रविवारी पानं चाळताना दिसलं, गुरुवारी कधीच फुटत नाही! सलग चार गुरुवार स्वच्छ. गुरुवारी काय असतं? आमच्याकडे त्या दिवशी फरशी पुसली जाते, आणि त्याआधी आई बोर्डावरची सगळी बटणं बंद करते. एरवी मी कॉम्प्युटर बंद करायचो, पण मॉनिटरचं बटण रात्रभर चालूच असायचं.

नियम सापडला, कारण सापडलं नव्हतं. ते आईनेच दाखवलं. त्याच आठवड्यात धूळ काढायला मी कॅबिनेट उघडलं होतं. कॉम्प्युटरची पिन भिंतीतून काढलेली, खोलीतला दिवा बंद. आई पाणी प्यायला उठली आणि दारातूनच म्हणाली, "अरे, तुझ्या डब्यात काजवा शिरलाय का?" जाऊन पाहिलं. ग्राफिक्स कार्डवरची अक्षरं मंद उजळलेली होती. पिन काढलेल्या मशीनमध्ये उजेड! मॉनिटरची केबल उपसली. काजवा विझला. परत खोचली, पुन्हा उजळला. मी तिथेच खाली बसलो.

ही केबल डिस्प्लेपोर्टची होती, म्हणजे कार्डाकडून मॉनिटरला चित्र नेणाऱ्या एका प्रकारच्या जोडणीची. डिस्प्लेपोर्टला २० पिना असतात, आणि विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्टचा वीजपुरवठा असतो. तो कार्डाकडूनही असतो आणि मॉनिटरकडूनही, मधे लावायच्या छोट्या अडॅप्टरसाठी. म्हणूनच हे मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचा नियम असा की साध्या केबलमध्ये विसावी पिन टोकापासून टोकापर्यंत जोडायची नाही. माझ्या केबलमध्ये ती जोडलेली होती. रात्रभर मॉनिटर कार्डाला उलटी वीज पाजत होता. कार्ड पुरतं विझतच नव्हतं, आणि सकाळी अर्धवट जाग्या अवस्थेत सुरू व्हायचं. केबल बदलली. त्याला आता दोन वर्षं झाली, वहीत चित्र फुटल्याची एकही फुली नाही.

तुमची केबल तशी आहे का, हे मल्टिमीटरने कळतं. मीटर बीपवर ठेवायचा, म्हणजे दोन टोकं तारेने जोडलेली असली की तो वाजतो. केबल दोन्हीकडून मोकळी हवी. मीटरचं टोक त्या पिनेपर्यंत पोचत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना बारीक टाचणी धरायची आणि मीटरची टोकं टाचण्यांना लावायची. विसावीला विसावी लावून बीप वाजलं, तर ती केबल बाजूला ठेवा. टाचणी शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. टप्पे भराभर सांगतो.

लोगो येण्याआधीच काळोख असेल, तर मदरबोर्डवरचे छोटे दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोजची डिस्क) असे चार असतात, जिथे अडलं तिथला पेटून राहतो. डीरॅमवर अडलं तर रॅम काढून नीट बसवा, दोन्ही पट्ट्या एकेकट्या लावून बघा, रॅमचा वाढीव वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून बघा. कोकणातल्या मंडळींना पावसाळ्यात रॅमच्या पट्टीची सोनेरी कडा खोडरबरने पुसायचा उपाय ठाऊक असेलच. पेन्सिलचाच मऊ रबर घ्या, शाईचा खरखरीत नको, त्या पट्टीवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो. आणि डीडीआर ५ रॅम नवी बसवली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळोख राहू शकतो, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबू नका. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा गोल सेल बदला, स्वस्तातलं काम आहे.

लोगोवरच रेघा असतील, तर विंडोजला हात लावू नका. केबल, कार्डाची खाच, कार्डाला जाणारी वीज, आणि कार्ड उभं बसवलं असेल तर त्याला मदरबोर्डशी जोडणारी मधली रायझर केबल, हे तपासा. विंडोज येईपर्यंत पडदा काळा आणि मग सगळं नीट, असं असेल तर कार्डाचं फर्मवेअरही, म्हणजे कार्डातच भरलेला प्रोग्रामही, बघा. एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीने २०१८ मध्ये नेमक्या याच तक्रारीसाठी, डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ च्या मॉनिटरांकरता, फर्मवेअर दुरुस्तीचं साधन दिलं होतं.

लोगो स्वच्छ, गोल फिरणारे ठिपकेही स्वच्छ, मग पडदा एकदा लुकलुकतो आणि त्यानंतर चित्र फुटतं. त्या लुकलुकण्याच्या वेळी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणारा प्रोग्राम, कामाला लागतो. इथे सेफ मोड, म्हणजे त्या ड्रायव्हरशिवाय चालणारं साधं विंडोज, लावून बघा. तिथे ठीक असेल तर ड्रायव्हर काढून नव्याने टाका, आणि मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, उतरवून बघा, कारण केबलला जास्तीचा वेग झेपत नसेल. शटडाउननंतर बिघडतं आणि रीस्टार्टनंतर नाही, असं असेल तर विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करा. त्यात शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण मिटत नाही, गाभा डिस्कवर जपून ठेवतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने येतं.

दर वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. दोन बदललीत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच याल.

वेळ झाली. ज्यांनी केबल आणली आहे त्यांनी इथे टेबलापाशी या, मीटर आणि टाचण्या आणल्या आहेत. एचडीएमआयची आणली असेल तर ती पिशवीतच राहू द्या. तिच्या अठराव्या पिनेवर ५ व्होल्टची तार असायलाच हवी, तिथे बीप वाजलं तर केबल चांगली.