उताऱ्यात न लिहिलेले उत्तर: इंग्रजी आकलनातील अनुमानाचे प्रश्न

(अमळनेर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आणि इंग्रजीचे शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी सोडवलेल्या सरावपत्रिका घेऊन बसले, की इंग्रजी उताऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. उताऱ्यात सरळ लिहिलेली माहिती विचारणारे प्रश्न बहुतेकांचे बरोबर येतात आणि शब्दार्थाचे प्रश्नही थोड्या मेहनतीने जमू लागतात. गुण जातात ते 'इन्फर्ड', 'इम्प्लाइड', 'सजेस्ट्स' अशा शब्दांनी विचारलेल्या प्रश्नांत, म्हणजे ज्यांचे उत्तर उताऱ्यात कोठेही लिहिलेले नसते, पण उताऱ्यावरूनच काढायचे असते अशा प्रश्नांत. विद्यार्थी याचे खापर स्वतःच्या इंग्रजीवर फोडतात. घरात अहिराणी, तावडी किंवा लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी त्यानंतर कधीतरी. अशा मुलामुलींना ते खरेही वाटते. माझे मत वेगळे आहे. हे प्रश्न चुकतात ते मुख्यतः 'अनुमान किती दूर न्यायचे' हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते म्हणून, आणि ते शिकण्यासाठी इंग्रजीची वाट पाहण्याचे कारण नाही.

दहावीपर्यंतचा आपला सराव आठवून पाहा. प्रश्नातला एक शब्द घ्यायचा, तो उताऱ्यात शोधायचा, आणि ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उत्तर म्हणून उतरवायचे. ही सवय इतकी घट्ट बसते, की पुढे पर्यायांतही उताऱ्यातलाच शब्द दिसला की हात तिकडे जातो. परीक्षकाला हे ठाऊक असते, म्हणून चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे ठेवलेले असतात आणि बरोबर पर्याय बहुधा वेगळ्या शब्दांत लिहिलेला असतो. शब्द जुळत नाहीत असे दिसल्यावर मग तोच विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातो आणि विषयाबद्दल स्वतःला जे ठाऊक आहे किंवा जे योग्य वाटते, ते निवडतो. उतरवून काढणे आणि स्वतःचे मत देणे यांच्या मधली जागा ही या प्रश्नांची जागा आहे.

या जागेचे मोल परीक्षेत मोठे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून आलेला दुसरा पेपर, ज्याला आपण सीसॅट म्हणतो, ८० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा असतो. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या एक तृतीयांश गुणांची वजावट. २०१५ पासून तो ३३ टक्क्यांचा, म्हणजे ६६ गुणांचा, केवळ पात्रता पेपर झाला. म्हणून अनेकांनी तो सोपा धरला आणि पहिल्या पेपरात उत्तम गुण असूनही तेथेच अडकले. शिवाय हा पेपर हिंदी आणि इंग्रजीतच छापलेला असतो, मराठीत नाही. त्यातील उताऱ्यांवरचे प्रश्न 'मोस्ट लॉजिकल अँड रॅशनल इन्फरन्स', 'अझम्प्शन', 'क्रूशियल मेसेज' अशा शब्दांत विचारलेले असतात. बँकांच्या परीक्षा, व्यवस्थापन प्रवेशाची कॅट, परदेशी शिक्षणासाठी लागणारी इंग्रजीची आयईएल्टीएस यांची काठिण्यपातळी वेगवेगळी असली, तरी मागणी हीच असते.

आता एक उदाहरण सावकाश पाहू. उतारा मी सरावासाठी रचलेला आहे. परीक्षेत तो इंग्रजीत असेल, येथे त्याचा आशय मराठीत सांगतो. 'एका तालुक्यात विहिरींची पातळी खालावत गेल्यानंतर केळी लावणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांनी पाटाने पाणी देणे सोडून ठिबक सिंचन स्वीकारले. त्यामुळे केळीला एकरी लागणारे पाणी घटले. तरीही पुढील काही वर्षांत तालुक्यातील भूजलाचा एकूण उपसा कमी झाला नाही.' प्रश्न असा, की यावरून कोणते अनुमान काढता येईल? पहिला पर्याय: भूजल वाचवण्यासाठी ठिबक सिंचन निरुपयोगी आहे. दुसरा: पाणी वाचल्यामुळे शेतकऱ्यांनी केळीचे क्षेत्र वाढवले. तिसरा: एकरी पाणीवापर घटला म्हणून एकूण उपसा घटेलच असे नाही. चौथा: शासनाने ठिबक सिंचनाचे अनुदान बंद करावे.

चौथ्या पर्यायावर फार वेळ घालवायला नको. उतारा काय घडले ते सांगतो, काय करावे ते सांगत नाही. 'शुड' आणि 'मस्ट' घेऊन येणारा सल्ला, लेखकाने स्वतः त्या दिशेने बोट दाखवले नसेल तर, अनुमान होत नाही. पहिला पर्याय जास्त फसवा आहे, कारण त्याचा रोख उताऱ्याच्या रोखाशी जुळल्यासारखा वाटतो. पण ठिबक नसते तर उपसा आणखी वाढला असता का, याबद्दल उतारा गप्प आहे. 'कमी झाला नाही' एवढ्यावरून 'निरुपयोगी' इथपर्यंतची उडी आपण मारलेली असते, लेखकाने नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या पर्यायाचा आहे, आणि रावेर-यावलकडचा, म्हणजे केळीच्या पट्ट्यातला, विद्यार्थी येथेच चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याने घरी पाहिलेले असते, की पाणी पुरू लागले की बाग वाढते. त्याचे ज्ञान खरे आहे. उताऱ्यातील कोड्याचे ते अगदी पटणारे स्पष्टीकरणही आहे. पण उपसा कमी न होण्याची कारणे आणखीही असू शकतात: कापसाला किंवा उसाला जास्त पाणी दिले गेले असेल, नव्या कूपनलिका झाल्या असतील, पाऊस कमी पडला असेल. उताऱ्याने यांपैकी एकही वाट बंद केलेली नाही, त्यामुळे त्यांतली एक निवडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. जो विषय आपल्याला सर्वांत जवळचा, त्यावरचा उतारा सर्वांत जपून वाचावा लागतो, हे मी फार कळकळीने सांगतो. कारण अपरिचित विषयावरचा उतारा माणूस निदान वाचतो तरी, परिचित विषयावरचा उतारा तो आठवतो.

तिसरा पर्याय साधा, जवळजवळ रुचिहीन वाटतो. पण तो नाकारून पाहा. 'एकरी वापर घटला की एकूण उपसा घटतोच' असे म्हटले, तर उताऱ्यातील तालुकाच त्याला खोटे पाडतो. म्हणजे उतारा खरा मानला, तर तिसरा पर्याय खरा मानावाच लागतो. कसोटी हीच: उतारा खरा आणि पर्याय खोटा, अशी परिस्थिती कल्पता येते का? येत असेल, तर पर्याय कितीही शहाणपणाचा असो, तो अनुमान नाही.

याच उताऱ्यात एक वाक्य वाढवू. 'या काळात इतर पिकांसाठी आणि गावांसाठी होणारा उपसा होता तेवढाच राहिला, आणि केळीला भूजलाशिवाय दुसरे पाणी नव्हते.' आता काय होते? एकूण उपसा घटला नाही, इतरांचा वाटा बदलला नाही, म्हणजे केळीचा वाटाही घटला नाही. पण एकरी पाणी तर कमी झाले, तेव्हा एकर वाढलेच असले पाहिजेत. मघाशी जो तर्क अनुचित होता, तो एका वाक्याने अपरिहार्य झाला. आणि तरीही दुसरा पर्याय जसाच्या तसा बरोबर ठरत नाही, हे लक्षात घ्या. क्षेत्र वाढले एवढे सिद्ध झाले. ते 'पाणी वाचल्यामुळे' वाढले हे झाले नाही, भाव चांगले मिळाल्यामुळेही वाढले असेल. अर्धा सिद्ध आणि अर्धा असिद्ध असा पर्याय परीक्षकांच्या विशेष आवडीचा असतो, आणि त्यातला असिद्ध अर्धा भाग बहुधा 'बिकॉज', 'ड्यू टू' अशा शब्दांमागे बसलेला असतो.

अमळनेरात बोलताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१६ साली प्रताप शेठ यांच्या औदार्यातून या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि भारतीय दर्शनांचा अभ्यास करायला दूरदूरची माणसे येथे आली. त्या दर्शनांपैकी मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे एक प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचे साधन, मानले आहे. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचे जेवण कोणी पाहिलेले नाही, कोणी सांगितलेलेही नाही. पण दोन मान्य गोष्टी एकमेकींशी जुळायच्या असतील, तर ते मानण्यावाचून गत्यंतर नाही. या उदाहरणाची मर्यादाही तितकीच शिकण्यासारखी आहे. देवदत्त रात्री जेवतो एवढेच निष्पन्न होते. काय जेवतो, कोणाकडे जेवतो, दिवसा का जेवत नाही, यांतले काहीही निष्पन्न होत नाही. मघाचा केळीचा उतारा, वाढवलेल्या वाक्यासह, याच जातीचा आहे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, अर्थापत्तीला वेगळे प्रमाण न मानता अनुमानातच धरले. तो वाद आपण बाजूला ठेवू. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्या विचारपद्धतीला आपण परकी परीक्षा म्हणून बिचकतो, ती आपल्याकडे शतकानुशतके तावूनसुलाखून घेतलेली आहे.

आता भाषेकडे येऊ, कारण इंग्रजीचा काही वाटा आहेच. तो अवघड शब्दांत फारसा नसतो. एखादा अनोळखी शब्द आजूबाजूच्या वाक्यांवरून निभावतो. गुण जातात ते लहान, ओळखीच्या शब्दांवर. 'सम', 'मोस्ट' आणि 'ऑल' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उताऱ्यात 'मे' असेल आणि पर्यायात 'विल' असेल, तर पर्याय उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो आहे. 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना आहेत. नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. 'नो लाँगर' आले की पूर्वी ते होते हे निश्चित समजावे. 'बट', 'हाउएव्हर', 'ऑलदो' या वळणांनंतर लेखकाचे स्वतःचे म्हणणे बहुधा सापडते, आणि लेखकाचा दृष्टिकोन विचारणाऱ्या प्रश्नांची किल्ली तेथेच असते. 'योजनेचा हेतू स्तुत्य होता, पण गावांची यादीदेखील तयार नव्हती,' असे लिहिणारा लेखक अंमलबजावणीवर टीका करतो. तो योजनेच्या विरोधात आहे असे म्हणणारा पर्याय अर्धेच वाक्य वाचून लिहिलेला असतो.

'इफ' या शब्दाला थोडा जास्त वेळ द्या. पाऊस वेळेवर आला तर कापूस चांगला येतो, असे उताऱ्यात असेल, तर कापूस चांगला आला म्हणून पाऊस वेळेवर आला होता असे म्हणता येत नाही. विहिरीच्या पाण्यावरही तो आला असेल. पाऊस वेळेवर आला नाही म्हणून कापूस चांगला येणार नाही, हेही म्हणता येत नाही. कापूस चांगला आला नाही, तर पाऊस वेळेवर आला नव्हता, एवढे मात्र म्हणता येते. 'इफ'च्या जागी 'ओन्ली इफ' आले, की हे सारे उलटते. हा भाग वहीवर मांडून, आपापल्या शेतातली आणि घरातली वाक्ये घेऊन, हात बसेपर्यंत करावा असा आहे.

अनुमान आणि गृहीतक ('अझम्प्शन') यांतही गल्लत होते. अनुमान उताऱ्यानंतर येते. गृहीतक उताऱ्याच्या तळाशी असते, ते लेखकाने न सांगता धरलेले असते. 'गावात ग्रंथालय झाले, आता मुले वाचू लागतील,' असे कोणी म्हटले, तर मुले वाचत नव्हती ती मुख्यतः पुस्तके मिळत नसल्यामुळे, हे त्याने धरून चाललेले आहे. तपासण्याची रीत अशी: ते विधान नाकारा आणि लेखकाचा युक्तिवाद उभा राहतो का ते पाहा. कोसळला, तर ते गृहीतक.

आयईएल्टीएसला न बसणाऱ्यांनीही त्या परीक्षेतील एका प्रश्नप्रकाराचा सराव करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात दिलेले विधान 'ट्रू', 'फॉल्स' की 'नॉट गिव्हन' हे ठरवायचे असते. उतारा ज्याला खोडून काढतो ते 'फॉल्स'. ज्याबद्दल उतारा बोलतच नाही ते 'नॉट गिव्हन'. आपल्याकडे 'उताऱ्यात नाही' आणि 'चूक आहे' या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. हा तिसरा रकाना ती गल्लत काही आठवड्यांत मोडतो. केळीच्या उताऱ्यातला दुसरा पर्याय याच रकान्यातला आहे.

शिक्षकांना माझी विनंती अशी, की हा सराव मराठी वर्तमानपत्रापासून सुरू करावा. 'बाजार समितीतील लिलाव उद्यापासून पूर्ववत सुरू होतील,' एवढीच ओळ फळ्यावर लिहावी. लिलाव आतापर्यंत बंद होते, हे वर्गातील प्रत्येक मूल सांगेल. ते त्या ओळीत लिहिलेले नाही, तरी सांगेल. मग विचारावे, का बंद होते? कोणी हमालांचा संप म्हणेल, कोणी सण म्हणेल, कोणी भावावरून झालेला वाद म्हणेल. या उत्तरांपैकी कोणते त्या ओळीवरून निघते, हे मुलांनाच ठरवू द्यावे. असे काही दिवस झाले, की त्याच वर्गात चार ओळींचा इंग्रजी उतारा द्यावा आणि प्रत्येक नाकारलेला पर्याय का नाकारला, ते मराठीत एका वाक्यात लिहून घ्यावे. वर्गात बरोबर उत्तराला जेवढे गुण, तेवढेच या वाक्यांनाही द्यावेत, आणि तपासताना खासगी क्लासच्या उत्तरतालिकांऐवजी आयोगाने जाहीर केलेल्या जुन्या अधिकृत उत्तरतालिका हाताशी ठेवाव्यात, कारण उताऱ्यांच्या बाबतीत या दोहोंत फरक पडतो आणि आपल्याला विद्यार्थ्याला ज्या परीक्षकापुढे उभे करायचे आहे, त्याचीच विचाराची पद्धत त्याच्या ओळखीची व्हायला हवी.