फ्लॅटहेड का तापतं?

मंडळी, हॉट रॉड (वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी) म्हटलं की आधी रंग, क्रोम आणि उघडी चाकं दिसतात. आज मला बॉनेटखालच्या बिडाच्या ब्लॉकबद्दल बोलायचंय. कॅलिफोर्नियातलं वेगाचं सगळं वेड ज्याच्यावर पोसलं गेलं, ते फोर्डचं 1932 चं फ्लॅटहेड व्ही-8, म्हणजे व्ही आकारात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असलेलं इंजिन.

221 घनइंच, 65 अश्वशक्ती. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण तोवर व्ही-8 म्हणजे श्रीमंतांचं काम. फोर्डनं आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढले आणि व्ही-8 रोडस्टर (उघडी दोन दारी गाडी) 500 डॉलरच्या आत विकायला ठेवली. पुढे त्याच गाड्या जुन्या बाजारात तरुण पोरांच्या हाती लागल्या. मडगार्ड उतरवायचे, एकाच्या जागी दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर चढवायचे आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर गाडी पळवायची!

आता दुखणं, म्हणजे हे इंजिन तापतं का ते. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे जळालेला गॅस ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून वाट काढत बाहेर पडतो. एका बाजूला चार सिलिंडर, पण बाहेर पडायची तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांची वाट सामाईक. या वाटांभोवती पाणी खेळतं आणि एक्झॉस्टची उष्णता त्या पाण्यात उतरते. 1955 च्या शेवरोले स्मॉल ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत, गॅस तिथूनच बाहेर जातो. 1964 ची पाँटियाक जीटीओ, 389 घनइंचांची, त्याच रचनेची. जीटीओसारख्या मसल कारवाल्यांना (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्या) ही डोकेदुखी मुळात नाही.

म्हणून फ्लॅटहेडचा ब्लॉक घेताना रंगरूप पाहू नका. आधी तो रसायनात उकळून स्वच्छ करा. पाण्याच्या जागेत गंजाचा गाळ असतोच, आणि कारखान्यातली ओतकामाची वाळू आणि तारासुद्धा अनेकदा तशीच राहिलेली असते. ती खरवडून काढल्याशिवाय कितीही मोठा रेडिएटर लावा, उपयोग नाही. मग मॅग्नाफ्लक्स तपासणी, म्हणजे चुंबक आणि लोहकणांनी तडे शोधणं. तडा बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे गेलेला असतो; तिथेच सर्वांत बारकाईनं बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवण्याआधी सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजून घ्या. 3 पूर्णांक 5/16 इंच बोअर आणि मर्क्युरी या फोर्डच्याच दुसऱ्या ब्रँडचा 4 इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वरखाली धावेचा) क्रँक मिळून 276 घनइंच होतात. मोह पडावा असाच आकडा आहे, पण भिंत पातळ निघाली तर तो सोडून द्यावा.

हेड ब्लॉकला आवळणारे स्टड (आटेदार खुंट्या) थेट पाण्याच्या जागेत उतरतात. आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यांतूनच वर चढतं आणि माणूस विनाकारण गॅस्केटला दोष देत बसतो. नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत आवळा. इंजिन एकदा तापवून पुन्हा आवळायचे. ॲल्युमिनियमची हेड असतील तर पूर्ण थंड झाल्यावरच. ॲल्युमिनियम लोखंडी स्टडपेक्षा जास्त फुगतं, म्हणून गरम असताना पाना घट्ट लागला तरी तो ताण खरा नसतो.

इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लेट असेल तर जळण उशिरा संपतं, जास्त गरम गॅस ब्लॉकमधून जातो आणि पाणी उकळतं. रेडिएटर बदलण्याआधी टायमिंग बघा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं.

शेवटी, पाण्याचे पंप दोन, वरचे होज दोन, थर्मोस्टॅटही (पाणी तापलं की वाट उघडणारी झडप) दोन. एक अडकला तर एकच बाजू तापते. तापमानाचा सेंडर (गेजला माप देणारा सेन्सर) दुसऱ्या बाजूच्या हेडमध्ये असेल तर काटा निवांत उभा असतो आणि इकडे गॅस्केट जातं. त्यामुळे दोन्ही हेडना वेगवेगळा गेज लावा, आणि दोन्ही काट्यांत ठळक फरक दिसला की गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.